कारागिराच्या दारी आलेला बाजार : मदत कोणती, आमिष कोणते?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशाचा तक्ता ज्यांनी वाचला असेल, त्यांना जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर ही नावे ठाऊक असतील. यांच्याच जोडीला सुतार, गवंडी, रंगारी, फरशी बसविणारा अशी माणसे आहेत, की ज्यांच्यापैकी पुष्कळांनी कोणत्याही संस्थेचे तोंड न पाहता उस्तादाच्या हाताखाली काम शिकून घेतले. आपल्या वसाहतीत असे एक तरी घर नाही, ज्यात यांपैकी एखादा मुलगा, जावई किंवा भाचा नाही. तथापि आपल्या सभा-संमेलनांतून, सत्कार-समारंभांतून आणि स्मरणिकांतून आपण बोलतो ते बहुधा नोकरदारांविषयी व पदवीधरांविषयी. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून असल्यामुळे हा दोष आमच्याही पदरी आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

प्रस्तुत लेखात आम्हांला एका मर्यादित प्रश्नाचा अभ्यास मांडावयाचा आहे. अलीकडे कुशल कारागिराच्या दारी अनेक जण येतात. रंगाची कंपनी येते, सिमेंटची कंपनी येते, दुकानदार येतो, बँक येते आणि सरकारी योजनाही येते. प्रत्येक जण म्हणतो, ‘आम्ही तुमच्या मदतीला आलो आहोत.’ यांत खरी मदत कोणती व निव्वळ आमिष कोणते, हे कारागिराने कसे ओळखावे? आणि ज्यांना कारागिराला माल विकावयाचा आहे, त्यांनी तो प्रामाणिकपणे कसा विकावा?

१. कंपन्या कारागिराकडे का येतात?

घरात कपाट करावयाचे ठरले, की घरमालक लाकूड कोणते, रंग कोणता, मुठी कशा हे पाहतो. पण आतील सांधा कोणत्या डिंकाने चिकटवावयाचा, हे तो विचारीत नाही. तो निर्णय सुताराचा असतो. भिंतीच्या आतून जाणारी वायर कोणती, नळाच्या जोडाला काय लावावयाचे, फरशीखाली कोणता माल घालावयाचा, हे सर्व निर्णय कारागीर घेतो आणि पैसे मात्र घरमालक देतो. म्हणजे येथे माल निवडणारा एक व किंमत मोजणारा दुसरा असतो. बाजाराच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्याच्या शब्दावर माल खपतो, त्याला आपलासा करण्यासाठी कंपन्या धडपडतात, त्याचे कारण हेच.

याचे आपल्या देशातील सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे फेविकॉल. पूर्वी सुतार सरस वापरीत. जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला हा सरस प्रत्येक वेळी विस्तवावर तापवून पातळ करावा लागे. त्याला दुर्गंधी असे, तो गार होण्याच्या आत सांधा बसवावा लागे आणि ओल लागली की सांधा सैल पडे. बळवंतराय पारेख यांनी १९५९ साली पांढरा कृत्रिम डिंक बाजारात आणला. तो तापवावा लागत नव्हता, डबा उघडला की लावता येत होता. पण नवी वस्तू केवळ चांगली असून भागत नाही, ती वापरणाऱ्या हाताला पटावी लागते. म्हणून कंपनीने दुकानाच्या फळीवर डबा ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहिली नाही. तिची माणसे थेट सुतारांकडे गेली आणि त्यांना वापर दाखविला. पुढे फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तके काढली. गिऱ्हाइकापुढे ठेवावयास सुताराजवळ चित्र नसे, ते या पुस्तकांनी दिले. सुतारांचे क्लबही स्थापन झाले.

यात ध्यानात घेण्यासारखे हे, की सुताराचा यात खरोखर फायदा होता. विस्तव गेला, दुर्गंधी गेली, दिवसातला एखादा तास वाचला आणि हाती नमुन्यांचे पुस्तक आले. कंपनीचाही फायदा झाला, याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. दोघांचा फायदा होतो तोच खरा व्यवहार.

२. टोकन, गुण आणि मेळावे

आता दुसरी बाजू पाहू. रंगाच्या डब्यातून टोकन निघते, ही गोष्ट आता लपून राहिलेली नाही. पूर्वी ते टोकन दुकानात देऊन रोख पैसे मिळत. आता पुष्कळ ठिकाणी डब्यावरील चौकोनी ठसा मोबाइलवर टिपला की रंगाऱ्याच्या नावे गुण जमा होतात आणि गुणांच्या बदल्यात बक्षीस मिळते. सिमेंटवाल्यांचे गवंडी मेळावे भरतात, तेथे जेवण असते, पिशवी मिळते, कधी उपयुक्त माहितीही मिळते.

या टोकनचे पैसे येतात कोठून? ते डब्याच्या किमतीतच असतात. समजा, डब्यामागे १०० रुपयांचे टोकन आहे, तर ते १०० रुपये घरमालकाने भरले आणि रंगाऱ्याने उचलले. घरमालकाला याचा पत्ता नसतो. ज्या भिंतीला ८ डबे पुरतात तेथे १० डबे सांगण्याचा मोह येथेच जन्मतो. आम्ही सर्व रंगाऱ्यांवर आरोप करीत नाही. बहुसंख्य जण इमानाने काम करतात. पण रचनाच अशी आहे, की जास्त माल खपविणाऱ्याला बक्षीस व माल वाचविणाऱ्याला काहीच नाही.

म्हणून मदत व आमिष यांतील फरक ओळखण्यासाठी आम्ही चार कसोट्या सुचवितो.

पहिली : मिळालेली वस्तू उद्याच्या कामात उपयोगी पडते काय? नवीन हत्यार, नवीन पद्धतीचे शिक्षण ही मदत आहे. भिंतीवरचे घड्याळ हे आमिष आहे.

दुसरी : कंपनी बदलली तरी ती गोष्ट आपल्याजवळ राहते काय? हातातील कसब राहते, प्रमाणपत्र राहते. गुण मात्र कंपनीचे असतात, त्यांचे नियम ती केव्हाही बदलू शकते.

तिसरी : ज्याच्या घरी आपण काम करतो, त्याच्यासमोर ही गोष्ट उघडपणे सांगता येईल काय? जे सांगताना जीभ अडखळते, ते घेऊ नये.

चौथी : अपघात झाला, हात मोडला, परांचीवरून पाय घसरला, तर देणारा त्या दिवशी दारी येईल काय?

या चौथ्या कसोटीला फार थोडे उतरतात.

३. आमच्या काउंटरवरील एक प्रसंग

येथे आमच्या स्वतःच्या चुकीचा एक प्रसंग सांगतो. २०१८ सालची गोष्ट. आमच्याच वसाहतीतील एक रंगारी आमच्या शाखेत आला. वयाने आमच्याहून लहान, आम्हांला ‘दादा’ म्हणणारा. रंग फवारण्याचे यंत्र, घासण्याचे यंत्र व अॅल्युमिनियमची शिडी यांसाठी त्याला ६०,००० रुपये हवे होते. त्याच्या खांद्याला एका रंग कंपनीची पिशवी होती. आम्ही नेहमीच्या सवयीने विचारले, ‘उत्पन्नाचा पुरावा काय?’ तो म्हणाला, ‘दादा, आमचं काम तुम्ही बघताच की.’ आम्ही म्हणालो, ‘बघून चालत नाही, कागद लागतो.’ रांग मोठी होती. आम्ही त्याला कागदांची यादी तोंडी सांगितली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तो पुन्हा आला नाही.

त्याने खाजगी सावकाराकडून शेकडा पाचच्या दराने पैसे उचलल्याचे पुढे कळले. वर्षभराने तो दुसऱ्या ठेकेदाराकडे रोजावर काम करताना दिसला. यंत्र विकावे लागले होते. त्याने आम्हांला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट ‘दादा, चहा घेऊ’ म्हणाला. तो चहा आम्हांला कडू लागला.

त्यानंतर एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. रंग कंपनीजवळ त्याचा मोबाइल क्रमांक होता, त्याने महिन्याला किती लिटर रंग वापरला याची नोंद होती, तो कोणत्या दुकानातून माल उचलतो हे ठाऊक होते. आमच्या बँकेत त्याचे खाते नऊ वर्षांचे होते. आम्हांला मात्र त्याच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. ज्याला माल खपवावयाचा होता त्याने त्याला ओळखले आणि ज्याचे ओळखणे कर्तव्य होते त्याने ओळखले नाही. वास्तविक मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून सुरू होती आणि ६०,००० रुपयांचे प्रकरण तिच्या ‘किशोर’ गटात विनातारण बसण्यासारखे होते. शिवाय सूक्ष्म व लघुउद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच दिली होती. आम्हांला हे वाचून माहीत होते. पण ते त्याला सांगण्यासाठी पाच मिनिटे काढली नाहीत.

हिशेब करून पाहा. १ लाख रुपये शेकडा पाचने घेतले, तर महिन्याला व्याज ५,००० रुपये. मुद्दल तसेच राहिले तर १८ महिन्यांत ९०,००० रुपये व्याज जाते. हेच १ लाख वर्षाला ५ टक्के दराने, १८ सारख्या मासिक हप्त्यांनी फेडले, तर एकूण व्याज सुमारे ४,००० रुपये होते. ९०,००० आणि ४,००० यांतील अंतर म्हणजेच एका कारागिराचे यंत्र, त्याचा धंदा आणि त्याची मान.

४. खरी मदत कोठे आहे?

आता ज्या सोयी आज उपलब्ध आहेत, त्यांचा थोडक्यात परामर्श घेऊ.

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, गवंडी, चर्मकार, शिंपी, कुंभार, न्हावी, धोबी, टोपल्या-झाडू बनविणारे इत्यादी त्यांत येतात. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि विनातारण कर्ज अशी तिची रचना आहे. पहिल्यांदा १ लाखापर्यंत १८ महिन्यांसाठी व ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत ३० महिन्यांसाठी कर्ज मिळते. व्याज ५ टक्के. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. मात्र वीजतंत्री, नळ कारागीर व रंगारी हे या १८ व्यवसायांत नाहीत, हे विसरू नये. नाहीतर उगाच हेलपाटे पडतात.

या मंडळींसाठी मुद्रा योजना आहे. ‘शिशु’ ५०,००० पर्यंत, ‘किशोर’ ५ लाखांपर्यंत, ‘तरुण’ १० लाखांपर्यंत. ‘तरुण’चे कर्ज घेऊन नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ साली ही मर्यादा २० लाख झाली. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवलाची चौकशी अवश्य करावी.

तिसरी गोष्ट बांधकाम कामगार मंडळाची. केंद्राने १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदे केले आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यातून कामगारांचे कल्याण करावे असे ठरविले. त्याच पायावर आपल्या राज्याचे मंडळ उभे आहे. १८ ते ६० वयाचा व मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेला कामगार नोंदणी करू शकतो. गवंड्याप्रमाणेच इमारतीवर काम करणारा सुतार, रंगारी, वीजतंत्री, नळ कारागीर हेही बांधकाम कामगारच आहेत. पुष्कळांना वाटते, की हे फक्त घमेले उचलणाऱ्यांसाठी आहे. तो गैरसमज आहे. मुलांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंतचे साहाय्य या नोंदणीवर अवलंबून असते. आमच्या चौथ्या कसोटीला उतरणारी सोय हीच.

चौथी गोष्ट प्रमाणपत्राची. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यांसाठी पूर्वानुभवाला मान्यता देण्याची व्यवस्था कौशल्य विकास योजनेत आहे. परीक्षा देऊन आपल्या हातातील कामाचा कागद मिळविता येतो. कागदाने कसब येत नाही हे खरे. पण बँकेत, मोठ्या ठेकेदाराकडे किंवा परदेशी नोकरीसाठी कागदावाचून कसब दिसतही नाही.

५. कारागिराला माल कसा विकावा?

आपल्यातील काही होतकरू तरुण आता हार्डवेअर, इलेक्ट्रिक सामान व रंगाची दुकाने काढू लागले आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द.

कारागीर हा हौशी गिऱ्हाईक नव्हे. त्याला वेळेची किंमत आहे. समजा, त्याचा रोज ८०० रुपये आहे आणि तो ८ तास काम करतो. म्हणजे एक तास १०० रुपयांचा झाला. तुमच्या दुकानात तो एक तास खोळंबला, तर ५० रुपयांची सूट देऊनही त्याचे ५० रुपये नुकसानच झाले. म्हणून दुकान कारागीर कामावर जाण्यापूर्वी उघडावे. दहा वाजता उघडणारे दुकान घरमालकांचे, कारागिरांचे नव्हे.

दुसरे, मालाची विविधता मोठी नसली तरी चालेल, पण जो माल ठेवाल त्याची सर्व मापे ठेवा. पाऊण इंची जोड आहे आणि अर्धा इंची नाही, असे झाले की काम अडते व कारागीर कायमचा दुसरीकडे जातो. तिसरे, उरलेला न उघडलेला माल परत घ्या. त्याने कारागिराला दोन वस्तू जास्त नेण्याची भीती राहत नाही आणि घरमालकाचाही विश्वास बसतो. चौथे, उधारी द्यावयाची तर कामाच्या हप्त्याशी जोडून, तारीख लिहून व दोघांच्या वहीत नोंदवून द्या. तोंडी उधारीने मैत्री व दुकान दोन्ही बुडतात. पाचवे, खोटे सांगू नका. एखादा माल ओलसर भिंतीवर टिकत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. तो उखडला तर घरमालक तुमच्या दारी येत नाही, तो कारागिराची कॉलर धरतो. आणि एकदा नाव गेलेला कारागीर तुमच्या दुकानाचे नाव चारचौघांत काय घेईल, हे सांगावयास नको.

सहावे, टोकनच्या बाबतीत आमचे मत असे, की दुकानदाराने ते बिलावर स्पष्ट लिहावे. कारागिराने सल्ल्याचा मोबदला घ्यावा, पण तो उजेडात घ्यावा.

६. कसब आणि प्रवेश

आणखी एक मुद्दा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ होतो असे कारण दिले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्व खात्यांत प्रवेशाची मागणी पुढे केली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कसब कोणाच्या रक्तात नसते, ते प्रवेश मिळाला की येते. १९५० पासूनची कारागीर प्रशिक्षण योजना व १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा यांनी हा प्रवेश कागदोपत्री खुला केला. पण शिकून बाहेर पडल्यावर पहिले गिऱ्हाईक कोण मिळवून देणार? पिढीजात कारागिराला बापाची ओळख मिळते. आपल्या मुलाला ती मिळत नाही. ती ओळख देणे हे समाजाचे काम आहे.

७. आपण काय करू शकतो?

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आमच्या सूचना अशा :

१. वसाहतीतील सर्व कारागिरांची नावे, काम व अनुभव यांची एक वही संस्थेच्या कार्यालयात ठेवावी. घरचे काम निघाले की प्रथम ती वही पाहावी.

२. आपल्या माणसाला काम दिले म्हणून दर पाडून मागू नये. ‘घरचाच आहे’ म्हणून पैसे थकविणे ही त्याची मदत नसून लूट आहे.

३. प्रत्येक कारागिराने बिलबुक छापून घ्यावे, मजुरी व मालाचे आकडे वेगळे लिहावेत आणि मिळकतीचा काही भाग तरी खात्यात भरावा. मोबाइलवरून आलेले पैसेही खात्यात दिसतात. सहा महिन्यांची अशी नोंद असली, की बँकेत तोंड उघडावयास आधार मिळतो.

४. बँकेत, सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या आपल्यातील मंडळींनी महिन्यातून एक रविवार अर्ज भरून देण्यासाठी द्यावा. आम्ही स्वतः गेल्या काही वर्षांपासून हे करीत आहोत. आजवर बसलेल्या प्रत्येकाचे प्रकरण मंजूर झाले असे नाही. काही नामंजूर झाली. पण एकालाही उभ्या उभ्या परत पाठविले नाही.

५. कंपनीचा मेळावा वसाहतीत भरवावयाचा असेल तर जरूर भरवावा; मात्र आपली अट घालावी. जेवणाऐवजी सुरक्षा-पट्टे द्या, पिशवीऐवजी दोन दिवसांचे शिक्षण द्या. ज्याच्या शब्दावर माल खपतो, त्याला अट घालण्याचा अधिकार आहे.

तो रंगारी गेल्या वर्षी अशाच एका रविवारी आला होता. स्वतःसाठी नव्हे, नळ कारागिराचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या धाकट्या भावासाठी. बरोबर बिलबुक होते, खात्याचा उतारा होता. कागद मांडून म्हणाला, ‘दादा, या वेळी सगळं आणलंय.’ आम्ही अर्ज भरून दिला. पहिल्या वेळी जे सांगावयाचे राहिले होते, ते सर्व या वेळी सांगितले. भावाचे प्रकरण मंजूर झाले. पण सात वर्षांपूर्वी जे पाच मिनिटांत झाले असते, त्याला सात वर्षे लागली. आपल्यापैकी जे काउंटरच्या अलीकडे बसतात, त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या हातांकडे एकदा नीट पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.